चार हंगामांची काजळी

माझ्या आईच्या फुप्फुसात काय साठलंय, हे मी तिच्या परवानगीशिवाय पाहिलं. तिला विचारलं होतं, आणि ती नको म्हणाली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

मी संग्राम वरुटे, वय अठ्ठेचाळीस. कोल्हापुरातल्या एका श्वासविकार केंद्रात यंत्रावर काम करतो. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आमचं गाव भोगावतीच्या काठी, शहरापासून तासाभराच्या आत. तिथं माझ्या वडिलांचं, केरबा वरुट्यांचं, गुऱ्हाळ आहे. आबा गुळव्या. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा बुडबुडा बघून गूळ कधी उतरवायचा हे जो सांगतो तो गुळव्या, आणि आबांच्या हाताला आमच्या भागात तोड नव्हती. गुऱ्हाळाची एक रीत आहे. वाटेनं जाणारा कुणीही आत आला, तर रस, काकवी नाहीतर गरम गूळ हातावर ठेवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. ओळख नसली तरी, भांडण असलं तरी. आबांनी ही रीत पन्नास वर्षं पाळली.

आईला, म्हणजे मालनबाईला, सीओपीडी आहे हे कळलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. आपल्याला वाटतं, या रोगात माणसाला श्वास घेता येत नाही. खरी अडचण श्वास सोडण्याची असते. धुरानं वर्षानुवर्षं सुजलेल्या श्वासनळ्या हवेला आत येऊ देतात आणि बाहेर जाताना मिटतात. टोकाच्या इवल्या वायुकोशांच्या भिंती फाटून त्यांचे मोठे, ढिले फुगे झालेले असतात. त्यांच्यात आकसायची ताकद उरत नाही. जुनी हवा आत तशीच राहते आणि नव्या हवेला जागाच मिळत नाही. माणूस भरल्या छातीनं गुदमरतो. गेलेलं फुप्फुस परत मिळत नाही, उरलेलं सांभाळायचं असतं.

आई ते नेटानं सांभाळायची. सकाळ-संध्याकाळ औषधाचा फवारा, वर्षाला लस, आठवड्यातून तीनदा व्यायाम. ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालावी तसा श्वास हळूहळू सोडायचा, हे ती दोन दिवसांत शिकली. कमरेला जेवणाच्या डब्याएवढं प्राणवायूचं यंत्र असायचं. तरी वेणी घालायला तिला तीन थांबे लागायचे. बोलणंही तुकड्यातुकड्यानं. पूर्वी ती एका दमात अख्ख्या गल्लीची बातमी सांगायची.

तिनं आयुष्यात कधी विडी हातात धरली नव्हती. आबा मात्र ओढायचे. घरात, दारात, काहिलीच्या काठाला बसून, दिवसाला दोन बंडलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी ओढतं का?" आणि माझा निकाल त्याच क्षणी लागला. बाहेर आल्यावर मी आबांना सगळ्यांसमोर जे बोललो ते इथं लिहीत नाही. आबांनी त्या दिवशी विडी सोडली. म्हणजे खिशातलं बंडल काढून दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि परत कधीच आणलं नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चार वर्षांनी, २०३५ साली, मी आईला माझ्या शहरातल्या घरी आणलं.

दाराच्या चौकटीवर मी एक छोटी पेटी बसवली. असल्या पेट्या आता घरोघरी आहेत. समोर उभ्या माणसाच्या कपड्यांत, केसांत धुराचे कण असले की तिच्यावर लाल दिवा लागतो. पहिल्याच रविवारी आबा आले. धुतलेलं धोतर, हातात काकवीची बाटली. दिवा लाल झाला. गुऱ्हाळात रस काढलेल्या उसाच्या चिपाडांचा जाळ असतो आणि तिथं राबणाऱ्या माणसाच्या अंगातून धूर जायला दोन आंघोळी पुरत नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं.

"विडी नव्हं ही," आबा म्हणाले. "चिपाडाचा वास हाय."

"काय का असेना. तिला तो सोसत नाही."

"बरं." त्यांनी दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लांबनं बघून जाऊ काय?"

मी नाही म्हणालो. पाणीही विचारलं नाही. ते बाटली उंबऱ्याशी ठेवून जिना उतरले. त्यानंतर सहा वर्षं, हंगाम असो नसो, दर रविवारी खाली रखवालदाराकडं एक बाटली यायची. आई खिडकीत खुर्ची ओढून बसायची. आबा समोरच्या झाडाखाली थोडा वेळ उभे राहायचे आणि जायचे. फोनवर बोलायचे दोघं, पण आईला फोनवर दम पुरायचा नाही.

"त्यास्नी... वर घे की रे," ती म्हणायची. "माझं किती... राहिलंय आता."

"आई, तुझ्याच भल्यासाठी."

ती खिडकीकडं वळायची. हुज्जत घालायला श्वास लागतो.

काजळीपटाचं यंत्र आमच्या केंद्रात आलं २०४० साली. आपल्या फुप्फुसात भक्षक पेशी असतात, आत आलेला कचरा गिळणं हे त्यांचं काम. धुराची काजळी त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, दुसरी येते, तीच काजळी पुन्हा गिळते. असा काजळीचा एकेक कण वीस-तीस वर्षं छातीत फिरत राहतो. आम्ही रोग्याला मिठाच्या पाण्याची वाफ देतो, खोकल्यातून आलेला बेडका घेतो आणि त्यातली पेशी न् पेशी प्रकाशाच्या झोतातून नेतो. प्रत्येक धुराची खूण वेगळी असते. तंबाखूची वेगळी, लाकडाची वेगळी, डिझेलची वेगळी. उसाच्या चिपाडाच्या काजळीत उसाच्या पानातले वाळूसारखे बारीक कण सापडतात. कणावर शरीरानं चढवलेल्या लोहाच्या पुटांवरून तो साधारण कधी आत गेला हेही कळतं, दोनचार वर्षं इकडंतिकडं. शेवटी छापून येतो तो रंगीत पट्ट्यांचा कागद, म्हणजे पट. कुठला धूर, कुठली वर्षं, किती वाटा.

हे बनवलं औषध नेमकं करता यावं म्हणून. लोकांनी त्याचं काय केलं, ते सांगायलाच नको. सहा महिन्यांत आमच्या दाराशी रांग लागली, आणि रांगेतल्या निम्म्यांना आजारापेक्षा आरोपीत रस होता. एका सुनेनं सासूचा पट चौकट करून बैठकीत टांगला, कारण त्यात सासऱ्यांच्या सिगारेटी निघाल्या होत्या आणि चूल फारशी निघाली नव्हती. लग्न ठरवताना मुलाच्या वडिलांचा पट मागणारे निघाले. तीस वर्षं संसार केलेली एक बाई तो कागद हातात घेऊन आमच्या बाकावर बसली आणि नवऱ्यासोबत घरी गेलीच नाही. मग नियम झाला की पट फक्त रोग्यालाच सांगायचा, समुपदेशकासमोर, आणि सोबत एक वाक्य सांगायचंच. काजळीचा वाटा म्हणजे इजेचा वाटा नव्हे. एखादा धूर थोडा असून जास्त जाळतो, एखादा भरपूर असून कमी. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो.

मलाही कागद हवा होता. आबांच्या विड्या कागदावर, पिवळ्या पट्टीत. आईला दाखवायचा आणि म्हणायचं, बघ, मी उगाच नाही करत.

"तुझा पट काढू का?" मी तिला विचारलं.

"कशाला?" ती शेंगा सोलत होती. "गेलेला धूर... परत बाहेर येतोय व्हय त्यानं?"

"कळेल तरी कुणामुळं झालं."

तिनं मूठभर शेंगदाणे माझ्यापुढं सरकवले. "मला न्हाई कळून घ्यायचं. तू खा."

२०४१च्या नोव्हेंबरात तिला सर्दी झाली. जंतुसंसर्ग आहे का बघायला तिचा बेडका केंद्रात आला. तपासून उरलेलं मी फेकायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना ते मी यंत्रात घातलं.

चाळीस मिनिटांनी कागद आला. पिवळी पट्टी होती, तंबाखूची, पण बोटभरसुद्धा नाही. शंभरात सात. तपकिरी, घरच्या चुलीची, अठरा. हिरवी, चिपाडाची, चौदा. उरलेला सगळा कागद एकाच काळ्या पट्टीनं भरला होता. तो रंग मी आमच्या यंत्रावर तोवर दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा भंगार जाळणाऱ्या माणसांच्या पटात. खाली अक्षरं होती. गंधक आणि जस्त मिसळलेलं रबर. काळ २०१६ ते २०२०. वाटा एकसष्ट.

मी यंत्र साफ केलं आणि पुन्हा चालवलं. पुन्हा एकसष्ट आले.

काजळीचा वाटा म्हणजे इजेचा वाटा नव्हे, मी स्वतःला म्हणालो. पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या उपयोगाचं होतं, आणि ते मला जराही पटलं नाही.

२०१६ साली मी वीस वर्षांचा होतो. पदविका घेऊन गावी आलो होतो, यंत्रशास्त्रातली, पहिल्या वर्गात. त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस पडला आणि रचून ठेवलेलं सगळं चिपाड भिजलं. ओलं चिपाड धुमसतं, त्याचा जाळ होत नाही. जाळ मंद झाला की रस जास्त वेळ काहिलीत राहतो आणि गूळ काळा पडतो. आबांचा गूळ आयुष्यात पहिल्यांदा काळा पडला होता. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा मी वहीत गणित मांडलं. एक किलो ओल्या चिपाडात उष्णता किती, एक किलो टायरात किती. चौपटीहून जास्त. पंक्चरवाल्याकडं जुन्या टायरांचा ढीग पडून होता आणि ते नेणाऱ्याला तो उलट चहा पाजायचा.

"रबार?" आबा म्हणाले होते. "गुळाला वास लागंल. आन् धूर बग की कसला आसतोय त्येचा."

"आबा, धूर धुराड्यातून वर जातो. हे शास्त्र आहे. तुम्ही बुडबुडे बघा, जाळाचं मी बघतो."

शास्त्र हा शब्द मी आबांवर काठीसारखा उगारायचो. चौथी शिकलेला माणूस, पोराच्या पदविकेचा कागद काचेत लावणारा. दोन दिवस नाही नाही म्हणाले, मग म्हणाले, तुला कळतंय म्हंजे आसंल.

इथवर तरी मला माफी असेल. पुढच्या गोष्टीला नाही. टायर जाळायला बंदी होती. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जाळ घालायला आमच्याकडं एक गडी होता, तो चार ठिकाणी बोलणारा. मी म्हणालो, बाहेरचा माणूस चुलवाणाच्या तोंडाशी नको, बोभाटा होईल. त्याला उसाच्या मोळ्या वाहायला पाठवू. जाळाला आई बसेल. घरातलं माणूस असलं की बाहेर कुणाला काही कळणार नाही.

आणि आई बसली. चार हंगाम, दिवाळी ते होळी, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. चिपाडाच्या पेंढीत टायराचा तुकडा लपवून आत सारायची. धुराड्यातून वर जायचा तो धूर जायचाच, पण तोंडातून परत फिरायचा तो सगळा तिच्या अंगावर. पदरानं नाक बांधायची. संध्याकाळी थुंकली की काळं पडायचं. मी पाहिलं होतं ते. काजळी आहे, धुऊन जाईल, असं मी म्हणालो होतो. मग मला शहरात नोकरी लागली, टायर बंद झाले, आणि मी ते विसरलो. खोटं बोलत नाही, खरंच विसरलो. विडी डोळ्यांसमोर होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेलो. भोवतालची बहुतेक गुऱ्हाळं आता वाफेवर चालतात, आबांचं अजून जाळावर होतं, मात्र धुराड्याला गाळणी आणि चुलवाणाला लोखंडी दार बसलं होतं. आबा काहिलीच्या काठाला उभे होते. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ सरळ. मला बघून त्यांच्या हातातला झारा थांबला.

"मालन बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. तुमच्याशी बोलायचंय."

"बोल. ही काहील आता सोडता यायची न्हाई."

रसाला पिवळा फेस आला होता. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि यंत्र कसं चालतं इथपासून सगळं सांगितलं. ते रसाकडं बघत ऐकत होते. तंबाखू शंभरात सात, असं म्हटल्यावर मात्र त्यांनी मान वळवली.

"म्हंजे विडी न्हवं?"

"विडी थोडीशी. फारच थोडी."

"विडी न्हवं," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला खाली बघावं लागलं. दहा वर्षं त्या माणसाला वाटत होतं की बायकोला आपण मारतोय. मी तसं वाटायला लावलं होतं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, उगाच दोनदा झारा फिरवला. "मग कशानं रं?"

मी सांगितलं.

"टायर?" ते म्हणाले. "आपण कवा टायर..." आणि तिथंच थांबले.

त्यांनी रसाचा एक थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली, दाबून बघितली. "जाळ वडा," असं त्यांनी गड्यांना सांगितलं. चौघांनी मिळून काहील उतरवली, रस गार करायच्या वाफ्यात पडला, पिवळाधमक, जसा त्यांचा गूळ असायचा. एवढ्या वेळात त्यांचा चेहरा परत पूर्वीसारखा झाला होता. हात धुऊन ते माझ्याजवळ आले आणि वाफ्याच्या कडेचा गरम गूळ पानावर घालून माझ्या हातात दिला. रीत होती ती.

"तिला सांगू नगंस."

"आबा, तिला खरं कळायला पाहिजे."

"कशापायी? नवऱ्यानं केलं म्हंटल्यावर ती मला शिव्या दील आन् मोकळी हुईल. पोटच्या पोरानं केलं म्हंटल्यावर कुणाला शिव्या द्यायच्या तिनं? विडी हायच की. दहा वर्सं लोकांच्या तोंडात बसलीया. ऱ्हाऊ दे तशीच."

"पण ती तुमची चूक नव्हती."

"व्हय म्हणालो हुतो की मी टायराला. गुळव्या कोण हुता? मी." त्यांनी टोपी झटकली. "मला वर घेशील न्हवं आता? एवढं केलंस तरी लई झालं."

मी हो म्हणालो. गूळ हातात गार होत होता. वाद मी आणखी घालू शकलो असतो, घातला नाही. आबा मला वाचवत होते आणि मला वाचायचं होतं.

त्या दुपारी त्यांनी गरम पाण्यानं तीन वेळा आंघोळ केली आणि ट्रंकेतलं न वापरलेलं नवं धोतर नेसले. माझ्या दाराशी दिवा हिरवाच राहिला. आईनं खुर्चीतून त्यांच्याकडं बघितलं आणि ओठांचा चंबू करून दोनतीन श्वास सोडले.

"आज कसं... आणलंस ह्यास्नी?"

"आई, मी तुझा पट काढला. तुला न विचारता."

"मग? काय म्हणतंय... मशीन?"

मी तोंड उघडलं. आबा माझ्याआधी बोलले. "विडीच म्हणतंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, होकाराची. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"मला ठाऊकच हुतं," ती आबांना म्हणाली. "सोडलीसा न्हवं आता? मग हुबं का? बसा की. मी च्या टाकतो." आणि खरंच उठली, प्राणवायूची नळी सावरत. स्वयंपाकघरापर्यंत तिला दोन थांबे लागले. आबा मागून गेले. आतून दोघांचं हळू आवाजात बोलणं ऐकू येत राहिलं.

आबांनी गुऱ्हाळ पुतण्यावर सोपवलं आणि माझ्याकडं राहायला आले. ते अकरा महिने आईचे चांगले गेले, असं सगळे म्हणतात. आबा तिची वेणी घालायला शिकले. व्यायामाला तिच्यासोबत चालायचे, तिच्या थांब्यांवर थांबायचे. मात्र कुणी भेटायला आलं की आई त्यांच्याकडं बोट दाखवायची. "ह्यांच्या विडीनं... माझी फुप्फुसं खाल्ली बगा." चेष्टेत म्हणायची, राग कधीच ओसरला होता. आलेली माणसं हसायची. आबाही हसायचे, कान पकडायचे. मीसुद्धा हसायचो. आता त्या अकरा महिन्यांतलं काही आठवलं तर पहिल्यांदा माझंच हसणं आठवतं.

ती गेली ऑक्टोबरात, दुपारी, आबांच्या खांद्याला टेकून. तिला शेवटपर्यंत खरं कळलं नाही. तिला कळलं असतं तर ती माझ्यावर चिडली असती का, रडली असती का, की शेंगदाणे पुढं सरकवून खा म्हणाली असती, हे मला आता कुणीच सांगू शकत नाही. तो अधिकार तिचा होता आणि मी तो दिला नाही.

दहाव्याला नदीकाठी सगळे जमले होते. आईचा धाकटा भाऊ, शिदूमामा, आधीपासूनच धुमसत होते. विधी उरकल्यावर ते आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"दाजी, एक सांगतो, राग मानू नगासा. माझ्या बहिणीला तुम्ही मारलासा. विडीच्या नादापायी. म्या तुमच्या दारात परत यायचा न्हाई."

शंभरभर माणसं होती. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे शिदबा, आज नको. आबांनी मान खाली घातली. "व्हय," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत. हवा आत घेतली होती, बोलायला पुरेशी. ती तशीच आत राहिली.

नंतर आबा गावी परतले. यंदाच्या जानेवारीत त्यांना दम लागायला लागला म्हणून मीच केंद्रात आणलं. पट काढायची परवानगी या वेळी रीतसर घेतली. त्यांच्या कागदावर पिवळी पट्टी रुंद होती, पण तिच्या शेजारी काळीही होती. त्याच चार वर्षांची. काहील चुलवाणाच्या डोक्यावर असते आणि गुळव्या काहिलीच्या काठाला उभा असतो, ही साधी गोष्ट त्या हुशार पदविकाधारकाच्या गणितात नव्हती.

समुपदेशक बाईंनी अर्ज पुढं घेतला. त्यात एक रकाना असतो, धुराशी संबंध कसा आला.

"विडी ल्ह्या," आबा म्हणाले.

"टायर लिहा," मी म्हणालो. "गुऱ्हाळात जाळलेले. आणि ते कुणी आणले, तेही लिहा. मी आणले. मुलगा, संग्राम."

बाईंनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आबा खिडकीबाहेर बघत बसले. तिकडंच बघत म्हणाले, "आता ल्हिऊन काय हुणार?"

 दुसऱ्या दिवशी मी आईचा आणि आबांचा, दोन्ही कागद घेतले आणि शिदूमामांच्या गावी गेलो. मामा सोप्यात बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं पसरले, कुठला रंग कशाचा ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, वहीतल्या गणितापासून नदीकाठापर्यंत.  आतून मामी दाराशी येऊन उभी राहिली होती.

मामांनी काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"त्या दिशी नदीवर का बोलला न्हाईस?"

मी कागदाची दुमडलेली कडा सरळ केली.

"म्या शंभर माणसात बोललो त्येला. आन् त्यानं मान खाली घातली." मामा कागदाकडं बघत म्हणाले. "तू हुतास की रं तितंच."

ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, पायात वहाणा सरकवल्या. कुठं निघालात, मामीनं विचारलं. दाजींकडं, ते म्हणाले, पाय धरायला. मी गाडीनं सोडतो म्हणालो. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. रस्त्यावर जाऊन ते एसटीची वाट बघत उभे राहिले.

मी तिथंच बसून राहिलो. थोड्या वेळानं मामी आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी कागद गोळा केले, घडी घातली, अंगणात आलो. त्या घरात लहानपणापासून मी शेकडो वेळा गेलो असेन. त्या दिवशी मला कुणी पाणी विचारलं नाही.